दुखणं किती वाजता सुरू झालं?

(जागतिक हृदय दिनाच्या निमित्तानं जठारपेठ, अकोला इथं तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आयोजकांनी मला 'हृदयविकार आणि तरुण पिढी' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, मी तो लहान करून घेते. छातीत अचानक दुखायला लागलं तर पहिल्या तासाभरात घरातल्या माणसांनी काय करायचं, एवढंच मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, नर्स आहे. बरीच वर्षं अतिदक्षता विभागात काम करते आहे. बोलण्यात काही राहिलं तर शेवटी विचारा.

छातीत दुखणारा रुग्ण आला की आम्ही कागदावर दोन वेळा लिहितो. एक, दुखणं किती वाजता सुरू झालं. दोन, रुग्ण दारातून आत किती वाजता आला. आत आल्यानंतरची घड्याळं आमच्या जबाबदारीची असतात. दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते साधारण अर्ध्या तासात, आणि अँजिओप्लास्टी करायची असेल तर ती दीड तासाच्या आत सुरू व्हावी, अशी उद्दिष्टं जगभर ठरलेली आहेत. पण त्या पहिल्या दोन वेळांमधलं अंतर आमच्या हातात नसतं. ते तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत असतं. आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. रात्री अकराला दुखायला लागलेलं असतं आणि माणूस सकाळी सात वाजता येतो. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडून येणाऱ्यांचा प्रवासाचा वेळ सोडून द्या. जठारपेठेतून सर्वोपचार रुग्णालय किती लांब आहे? तरीही शहरातल्या माणसालासुद्धा यायला सहा-सात तास लागतात. हे तास रस्त्यात गेलेले नसतात, 'बघू थोडा वेळ' म्हणण्यात गेलेले असतात.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ. हृदय हा स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागतं. ते त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून मिळतं. या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत असतो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. तिच्या पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही. साधारण वीस-तीस मिनिटांनी तो स्नायू कायमचा मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत हे मरण पसरत जातं. मेलेला स्नायू परत येत नाही. वाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण बारा तासांपर्यंत देता येतं, पण त्याचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो. एकाच इंजेक्शनचा दोन माणसांवर वेगळा परिणाम होतो, कारण एक जण तासाभरात आलेला असतो आणि दुसरा आठ तासांनी. जो उशिरा आला तो जगलाच तरी पुढे जिना चढताना थांबत थांबत चढतो. हमालाचं, गवंड्याचं, ऑटो चालवणाऱ्याचं काम त्याच्याकडून होत नाही. घरचा कमावता माणूस त्या आठ तासांत गेलेला असतो.

मग लोक थांबतात का? सगळ्यात मोठं कारण एका शब्दात सांगते: गॅस.

आपल्या वऱ्हाडात छातीत दुखलं की पहिलं निदान 'गॅस' असतं. 'गॅस चढली', 'ॲसिडिटी झाली', 'रात्री बिर्याणी जास्त झाली', रमजानमध्ये 'इफ्तारीला भजे खाल्ले ना'. मग ओवा, हिंग, सोडा, इनो, पाठीला बाम, पोटाला शेक. एवढं करून दोन तास जातात. यात वाईट गोष्ट अशी की हृदयाचं दुखणं खरोखरच ॲसिडिटीसारखं वाटू शकतं. बेंबीच्या वर, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, ढेकर. ढेकर आल्यावर थोडं बरंही वाटतं. म्हणून 'ढेकर आली म्हणजे गॅसच' हा पुरावा होत नाही. मी इतकी वर्षं हेच काम करते, तरी नुसतं बघून मला ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. म्हणून तर ईसीजी काढतात. गॅस आहे की हृदय आहे हे ईसीजीनं आणि रक्ताच्या तपासणीनं ठरवायचं असतं, घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाही. आणि तपासून गॅसच निघाली तर फार उत्तम! आम्ही हसून घरी पाठवतो. कोणी तुम्हाला वेड्यात काढणार नाही.

दुसरं कारण आपला उन्हाळा. हृदयविकाराच्या झटक्यात थंडगार, दरदरून घाम येतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना घामाची दखल कोण घेणार? 'ऊन लागलं' म्हणतात, कैरीचं पन्हं देतात, ओला फडका डोक्यावर ठेवतात. पंख्याखाली, कूलरसमोर बसलेल्या माणसाला छातीत दाब आहे आणि अंगाला गार घाम आहे, तर ते ऊन समजू नका.

तिसरं कारण रात्र. हृदयविकाराचे झटके पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात जास्त येतात, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. म्हणजे दुखणं उजाडायच्या आधीही सुरू होऊ शकतं. आणि आपण म्हणतो, 'फजर होऊ दे, उजाडलं की जाऊ.' का? तर शेजाऱ्यांना कशाला उठवायचं, एवढ्या रात्री ऑटो कुठे मिळेल. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिवसा ठरवून ठेवता येतात. त्याबद्दल शेवटी बोलते.

चौथं कारण आपल्या घरातल्या बायका. अम्मी, खाला, फुप्पी, दादी. त्या सांगतच नाहीत. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत, पाहुणे जाईपर्यंत थांबतात. सांगतात तेव्हाही 'दुखतं' असं म्हणत नाहीत. म्हणतात, 'घबराहट हो रही', 'जी नहीं लग रहा', 'सीना भारी भारी हो रहा', 'हात में जान नहीं'. घरचे ऐकतात आणि म्हणतात, टेन्शन घेतलं असेल. तुम्ही दोन्ही भाषा बोलणारी मुलं आहात म्हणून मुद्दाम सांगते. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत ठळक दुखणं नसतानाही झटका येऊ शकतो. नुसता दम लागणं, एकदम गळून जाणं, उलटी, घाम, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, एवढंच असू शकतं. दादीला शुगर आहे आणि ती अचानक 'घबराहट' म्हणाली, तर तो आजाराचा निरोप समजा आणि दवाखान्यात गेल्यावर तिचा तोच शब्द डॉक्टरांना जसाच्या तसा सांगा.

आता नेहमीची लक्षणं एकदा स्पष्ट सांगते. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं, कोणी वजन ठेवल्यासारखं वाटणं. ते काही मिनिटांपेक्षा जास्त टिकणं, किंवा जाऊन पुन्हा येणं. दुखणं डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, मान, खालचा जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणं. सोबत घाम, मळमळ, दम, चक्कर. ही सगळी एकाच वेळी असायलाच हवीत असं नाही.

एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 14 डिसेंबर 2023 रोजी अभिनेते श्रेयस तळपदे यांना मुंबईत झटका आला. वय 47. चित्रीकरण संपताना त्यांना दम लागला, डावा हात दुखायला लागला. मारामारीची दृश्यं केल्यामुळे स्नायू ओढला असेल, असं त्यांना वाटलं, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. घरी गेल्यावर मात्र बरं वाटेना, तेव्हा सकाळपर्यंत न थांबता त्यांची पत्नी दीप्ती यांच्यासोबत ते लगेच रुग्णालयाकडे निघाले. वाटेत गाडीतच त्यांची शुद्ध हरपली. रस्त्यावरची माणसं मदतीला धावली, अंधेरीच्या रुग्णालयात त्यांचं हृदय पुन्हा चालू केलं गेलं, अँजिओप्लास्टी झाली. ते बरे होऊन कामावर परतले. धडधाकट, व्यायाम करणारा माणूसही 'स्नायू ओढला' असंच समजतो. पण ते घरातून वेळेवर निघाले होते. झोपून पाहू म्हटलं असतं, तर हृदय बंद पडलं तेव्हा ते रुग्णालयाच्या दाराशी नसते.

47 हे वय ऐकून तुम्हाला वाटेल, आपल्याला अजून वेळ आहे. केरळमध्ये जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत जवळपास 30,000 माणसांचा 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. भारत, पाकिस्तान, बांगलादेश अशा दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. त्यांचं मधलं वय 53 निघालं, म्हणजे निम्म्या लोकांना त्याच्या आधीच. कारणं नवी नाहीत: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी, पोटाचा घेर, ताण, हालचाल कमी. आपल्याकडे तंबाखू म्हणजे बिडी-सिगारेट तर आहेच, शिवाय खर्रा आहे. चौकात उभं राहून पन्नी चोळणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतात. त्यावर वेगळी बैठक घ्या, मी येईन.

तुमच्या मोबाईलवर नाचता नाचता, जिममध्ये कोसळणाऱ्या तरुणांचे व्हिडिओ येतात आणि खाली लिहिलेलं असतं, लशीमुळे झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 18 ते 45 वयातल्या अशा अचानक मृत्यूंचा देशभरातल्या 47 रुग्णालयांतून अभ्यास केला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी सापडल्या त्या अशा: कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घराण्यात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, भरपूर दारू पिणं, आणि मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत झेपणार नाही असा जोराचा व्यायाम. तेव्हा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर आपली तपासणी करून घ्या.

आता करायचं काय? क्रमानं सांगते.

माणसाला आहे तिथे बसवा. पाठीला आधार, गुडघे थोडे वर, कपडे सैल. त्याला चालवू नका, जिना उतरायला लावू नका. खुर्चीसकट उचलून खाली आणता येतं.

108 ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे. ती मोफत आहे. मराठीत, हिंदीत, जमेल तसं बोला. 'छातीत दुखतंय, घाम येतोय, वय इतकं' हे आधी, मग पत्ता. पत्ता सांगताना गल्लीचं नाव पुरत नाही. मशीद, शाळा, किराणा दुकान अशी रस्त्यावरून दिसणारी खूण सांगा आणि एक पोरगा त्या खुणेपाशी उभा करा. गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर ऑटो किंवा कार बघा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत शुद्ध गेली तर तिघंही पडाल. रुग्णानं स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

ॲस्पिरिन. 300 ते 325 मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिनची गोळी चावून खायची, नुसती गिळायची नाही. चावल्यानं ती लवकर लागू होते. 75 मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात असतील तर चार चावाव्या लागतात. 1988 मध्ये 'आयसिस-2' नावाची 17,187 रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटका आलेल्यांना ॲस्पिरिन दिल्यानं मृत्यू जवळपास एक चतुर्थांशानं कमी झाले, असं त्यात दिसलं. एवढी स्वस्त गोळी आणि एवढा फायदा. पण काही जणांना ती द्यायची नाही: ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, ज्यांना पोटातून किंवा इतर कुठून रक्तस्राव होतो, ज्यांचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, आणि ज्यांना पाठीत फाटल्यासारखं भयंकर दुखतंय. शंका असेल तर 108 वर विचारून द्या. पॅरासिटामॉल म्हणजे ॲस्पिरिन नाही, तिचा इथे उपयोग नाही.

जिभेखालची सॉर्बिट्रेट गोळी आपल्याकडे शेजारी-पाजारी एकमेकांना देतात. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याचीच आहे. तिच्यामुळे रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. ज्यानं लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल त्याच्यासाठी ती जीवघेणी ठरू शकते, आणि ही गोष्ट तो घरच्यांसमोर सांगणार नाही. म्हणून अंदाजानं देऊ नका.

रोजा असेल तर? गोळी चावली की रोजा सुटतो, या भीतीनं थांबणारे मी पाहिले आहेत. आजारी माणसाला सवलत आहे, रोजा नंतर भरून देता येतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. फक्त त्या क्षणी कोणीतरी ठामपणे म्हणावं लागतं. ते तुम्ही म्हणा. दम केलेलं पाणी, दुआ, यासिन यांबद्दलही माझं म्हणणं एवढंच आहे की जरूर करा, पण गाडीत बसून करा.

कुठे न्यायचं? जिथे ईसीजी निघतो आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं तिथे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रांगेत बसून सलाईन लावून घेण्यात तास जातो. पहिला ईसीजी ठीक आला तरी दुखणं चालू असेल तर डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी करतात. 'एकदा नॉर्मल आला, चला घरी' अशी घाई करू नका. आणि तुमच्या मोबाईलमध्ये दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. दारात आम्ही तीच पहिली विचारणार.

जोरजोरात खोकलं की झटका थांबतो, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो. त्यावर विसंबू नका. खोकत बसण्यात फोन करायचा वेळ जातो.

आता दुसरी परिस्थिती. माणूस कोसळला, हलवून हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास बंद आहे किंवा मासळीसारखा मध्येच एखादा आचका देतो. आचके म्हणजे श्वास नव्हे. हे हृदय बंद पडणं आहे. झटक्यात रक्त अडतं पण हृदय चालू असतं, इथे ते थांबलेलं असतं. आता प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनी काही उरत नाही.

एकानं 108 ला फोन करून मोबाईल स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्यानं माणसाला जमिनीवर उताणं झोपवायचं. बाजेवर नाही, गादीवर नाही. ती दबते, छाती दबत नाही. छातीच्या मधोमध हाडावर एका तळव्याची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर सरळ. अंगाचा भार देऊन 5 ते 6 सेंटिमीटर दाबायचं, पूर्ण वर येऊ द्यायचं, पुन्हा दाबायचं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा माणूस बदला, पण मध्ये खंड पडू देऊ नका. तोंडानं श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा. बरगडी मोडण्याची भीती वाटते. मोडू शकते. ती जुळते. 1960 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या तीन संशोधकांनी ही पद्धत जगापुढे मांडली. यंत्र नको, ऑपरेशन नको, शिकलेले दोन हात पुरेत, हा तिचा सगळा अर्थ. स्टेशनवर, मॉलमध्ये विजेचा झटका देणारं एईडी यंत्र असेल तर ते मागवा. ते चालू केलं की पुढे काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं.

इथे एक अवघड गोष्ट बोलते. कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर? अमेरिकेत 2017 मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात दिसलं की सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना बघ्यांनी छाती दाबून मदत केली, बायकांपैकी 39 टक्क्यांनाच. तिकडे ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल याचा विचार करा. परदा, नामहरम, लोक काय म्हणतील. जीव जात असताना मनाई शिथिल होते, हे फिक्हचं जुनं, सर्वमान्य तत्त्व आहे. छाती कपड्यांवरून दाबता येते. चार बायकांना चादर धरून उभं करता येतं. मुलींनो, तुम्ही हे शिकलात तर घरात हा प्रश्नच उभा राहणार नाही. म्हणून प्रशिक्षणात निम्म्या मुली असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

पैशांचं बोलल्याशिवाय हे भाषण पूर्ण होत नाही. 'दवाखान्यात नेलं की लाखभर लागतील' या विचारानं दोन तास जातात, आणि तो विचार करणाऱ्याला मी दोष देत नाही. पण माहिती ठेवा. सरकारी रुग्णालयात गुठळीचं इंजेक्शन मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटा. राशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत दाराजवळ ठेवा. कागद सापडत नाहीत म्हणून निघायला उशीर करू नका, मागून कोणीतरी घेऊन येईल.

आणि हक्क माहीत असू द्या. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. 1992 मध्ये बंगालमधले हाकीम शेख नावाचे शेतमजूर रेल्वेतून पडले. खाट नाही, सोय नाही, असं सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना परत पाठवलं. त्यांची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 च्या निकालानं आणीबाणीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि त्यांना 25,000 रुपये भरपाई दिली. एका मजुराची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, म्हणून आज तुम्ही-आम्ही तो निकाल सांगू शकतो.

आता तुमचं काम. ही चळवळ नागरी हक्कांचं काम करते. छातीतलं दुखणं हाही मोहल्ल्याच्या नियोजनाचा विषय आहे. या महिन्यात चार गोष्टी करा.

पहिली, आपल्या गल्लीतल्या रात्री निघू शकणाऱ्या गाड्यांची यादी करा. ऑटो कोणाचा, कार कोणाची, रात्री दोन वाजता कोणाचं दार वाजवायचं. त्यांची आधी परवानगी घ्या. दार वाजवायची लाज यानं जाते.

दुसरी, चार-पाच जणांनी जाऊन शहरातल्या रुग्णालयांत विचारा: रात्री ईसीजी निघतो का? गुठळीचं इंजेक्शन ठेवता का? कॅथलॅब चोवीस तास चालू असते का? फुले योजना लागू आहे का? उत्तरं एका कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहा, मशिदीच्या, बुद्धविहाराच्या, मंदिराच्या फलकावर लावा. झटका मोहल्ला बघून येत नाही.

तिसरी, तालुक्याच्या गावात नातेवाईक असतील त्यांना ग्रामीण रुग्णालयात चौकशी करायला सांगा. राज्याच्या 'स्टेमी' प्रकल्पात छोट्या रुग्णालयातला ईसीजी लांबच्या तज्ज्ञाला पाठवून वाचून घेतात. आपल्या तालुक्यात ही सोय आहे का? नसेल तर लोकप्रतिनिधींना लेखी मागणी करा.

चौथी, छाती दाबण्याचं प्रशिक्षण. नुसतं ऐकून येत नाही, पुतळ्यावर हात चालवावे लागतात. वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र द्या, शिकवणारी माणसं मागा. वीस मुलं, वीस मुली. मी पुतळा मिळवून देण्याची खटपट करते.

आज घरी गेल्यावर एक काम आहे. जेवायला बसाल तेव्हा अम्मी-अब्बांसमोर ठरवून टाका की या घरात छातीत दुखलं तर कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही, जो जवळ असेल त्यानं 108 लावायचा. दादीलाही सांगा. तिला सांगा की रात्री तीनला उठवलं तरी आम्हाला राग येणार नाही. ॲस्पिरिनची एक पट्टी आणून मुदत बघून सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.